पुण्याचा पावणा आणि मावशीची डुकरं

परवा आमच्या गुरांच्या दवाखान्यात एकाने मोबाइल पुढे केला. "ह्या स्वाइन फ्लूनं डुकरां पटापट मरतत ना हो?" बातमी होती आफ्रिकन स्वाइन फीव्हरची. तो रोगच वेगळा. २०२० साली ईशान्येकडून देशात शिरला. डुकरं मरतात, माणसाला लागत नाही. स्वाइन फ्लू झालेलं डुक्कर आठवडाभर खोकतं, पेजेला तोंड लावत नाही, आणि बहुतेक वेळा उठून पुन्हा चिखल उकरायला लागतं.

त्याला हे समजावताना मला शेजारची मावशी आठवली.

२००९. ३ ऑगस्टला पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी. २३ला गणपती. चाकरमानी काय थांबतात? कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत सगळे गाड्या भरून आले. माझा चुलतभाऊ पुण्याहून आला तो खोकतच. त्याचा नमुना कोणी घेतला नाही, तेव्हा तो स्वाइन फ्लूच होता असं मी म्हणणार नाही. ताप मात्र चांगला सणसणीत होता.

पण वाडीची नजर गेली मावशीच्या आवारात. चिऱ्याचा बुटका गडगा, वर झावळ्या, आत नाताळासाठी वाढवलेली चार डुकरं. आरतीला जमलेल्यांपैकी चौघे जाऊन तिला सांगून आले, विकून टाक. आमचे काकाही त्यात होते, हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही. मावशी एवढंच म्हणाली, "माझ्या डुकरांक शिंक नाय. तुमचो पावणो कालपासून खोकता."

तिचं बरोबर होतं. तो विषाणू डुकरांतून निघालेला खरा, पण तोवर तो माणसाकडून माणसाकडेच पसरत होता. उलट माणसांनीच तो डुकरांना दिल्याच्या नोंदी त्याच वर्षी अनेक देशांत झाल्या. डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांचा फ्लूही चिकटतो आणि माणसांचाही. दोन्ही एकाच पेशीत शिरले की गणपतीच्या जागरणात पत्ते पिसावेत तसे त्यांच्या जनुकांचे आठ-आठ तुकडे मिसळतात. हातात पानं आठच, पण डाव नवा. म्हणून खोकणाऱ्या माणसाला मी आजही डुकरांच्या आवारात पाय ठेवू देत नाही.

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी ताप उतरल्यावर भाऊ ताटातलं उरलंसुरलं घेऊन, सवयीने, गडग्याकडे निघाला. ती पेजेची बादली टाकून धावत आली.

"थंयच उभो रव! तुझां उष्टां माझ्या डुकरांक नको. माडाच्या मुळात ओत ता!"

त्याने ओतलं.