शिमे-साबा, सहावी खेप: मिठाचं गणित जमलं

काल सहाव्या खेपेचा शिमे-साबा कापला. कडेला पांढरी बारीक रेघ आणि आत गुलाबी मास. पाच वेळा हुकलेलं अखेर जमलं!

नवीन मंडळींसाठी: साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. जात वेगळी, अंगाने थोराड, थंडीच्या तोंडावर चरबीने भरलेला. आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये मुरवून तो कच्चाच खातात, तोच जपानी शिमे-साबा.

आतापर्यंत माझं सगळं लक्ष व्हिनेगरवर होतं. पहिल्या खेपेला मीठ जेमतेम २० मिनिटं ठेवलं, तर मासा पिळपिळीत झाला आणि वासही गेला नाही. चौथ्या खेपेला व्हिनेगरमध्ये दोन तास ठेवला. आतपर्यंत पांढरा, उकडल्यासारखा कोरडा. मग साबा काइदो, म्हणजे जपानमधल्या जुन्या ‘साबा वाटे’बद्दल वाचलं. वाकासा उपसागराकाठच्या ओबामा गावाहून मीठ लावलेला साबा डोंगरवाटेने क्योतोला जायचा, पोहोचेपर्यंत मुरायचा आणि तिथे त्याची साबाझुशी (साबाची सुशी) व्हायची. तेव्हा लक्षात आलं, खरं काम मिठाचं आहे.

यावेळी मधला काटा सोडवून दोन्ही बाजूंना कातडी दिसेनाशी होईल इतकं मीठ लावलं. ताट तिरपं करून ९० मिनिटं फ्रिजमध्ये. खालच्या कडेला तांबूस, गढूळ पाणी साचलं, वास त्यातच निघून गेला. धुऊन, कोरडं करून तांदळाच्या व्हिनेगरमध्ये फक्त २५ मिनिटं, सोबत कोम्बूचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा.

इथे घाई नको. अनिसाकिस हा माशातला जंत मिठाने किंवा व्हिनेगरने मरत नाही. जपानचं आरोग्य मंत्रालय उणे २० अंशांवर २४ तास गोठवायला सांगतं. माझा फ्रीजर थर्मामीटरने तपासला, उणे २२ भरला. तरी मी पूर्ण दोन दिवस ठेवतो. गावाकडच्या बाजारातल्या बांगड्यावर मात्र हे करू नका. तो कच्चा खाण्यासाठी हाताळलेला नसतो, आणि गोठवून तो दोष जात नाही.

बारीक काटे चिमट्याने डोक्याच्या दिशेने ओढले. वरचा पारदर्शक पापुद्रा डोक्याकडून शेपटीकडे सोलला, तो एकसंध निघाला आणि खालची चंदेरी नक्षी जशीच्या तशी राहिली. ते बघत मी सुरी हातात धरून तसाच उभा राहिलो.

शेपटीकडचे दोन तुकडे खारट लागले, तिथे मास पातळ असतं. पुढच्या खेपेला तिकडे मीठ निम्मं.