तुम्ही विचारलंत म्हणून: सूत्र असताना पूर्ण वर्ग कशाला?

"सर, लेकराला वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ हाय, मंग ते वर्ग पुरा करायचं लोढणं कशाला?" पालकसभेत, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मला हे विचारलं गेलंय. लातूरला क्लास लावलेला कुणाचा तरी भाचा अर्ध्या मिनिटात उत्तर काढतो, हेही सोबत ऐकवलं जातं. आजवर मी 'पुस्तकात आहे म्हणून' एवढं बोलून पुढे जात आलो. ते खोटं नाही. दहावीच्या वर्गसमीकरणांत अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र अशा तिन्ही पद्धती आहेत. पण माझं खरं उत्तर ते नाही.

सूत्राशी माझं वैर नाही. अवयव सहज पडत असतील तिथे वर्ग पूर्ण करा, असंही मी कुणाला म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की सूत्र निघालंय वर्ग पूर्ण करूनच. ज्याला वर्ग पूर्ण करता येतो त्याचं सूत्र हरवलं तरी त्याला ते पुन्हा काढता येतं. ज्याला नुसतं सूत्र येतं त्याचं सूत्र बिघडलं तर बिघडलंय हेही त्याला कळत नाही.

हे मला एका मुलीमुळे कळलं. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, ते तुम्हाला सांगायला नको. तिच्या आईबापांचा एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी. त्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही फडावर नेलं. परतली ती बोर्डाची परीक्षा तोंडावर आल्यावर. वही कुठेतरी फडावरच्या कोपीत, झोपडीतच राहिली होती. सूत्र मात्र तिने सोडलं नव्हतं. पाणी भरताना, भाकरी थापताना ती ते म्हणायची. माझ्यासमोरही एका दमात म्हणून दाखवलं: मायनस बी, प्लस-मायनस, अंडररूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी, अपॉन टू ए. शब्दाला शब्द बरोबर.

मी फळ्यावर लिहिलं, क्ष² − ६क्ष + ४ = ०. तिने विवेचक, म्हणजे वर्गमुळाखालचा भाग काढला, ३६ − १६ म्हणजे २०. बरोबर. √२० म्हणजे २√५. तेही बरोबर. मग भागाकाराची रेघ तिने फक्त वर्गमुळाखाली ओढली आणि उत्तर आलं ६ ± √५.

"दोन्ही मुळांची बेरीज कर," मी म्हटलं. १२ आली. यायला हवी ६, मधल्या −६ चं चिन्ह बदलून. तिने पुन्हा सूत्र म्हटलं, पुन्हा तशीच रेघ ओढली, पुन्हा १२. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज कापायला लागला. "सर, म्या तर कायबी इसरले नाही."

खरंच विसरली नव्हती. सूत्र तोंडाने म्हणताना रेघ किती लांब आहे ते ऐकूच येत नाही. चार महिने जिवापाड जपलेल्या गोष्टीत नेमकं तेवढंच नव्हतं, आणि ती स्वतःलाच दोष देत उभी होती. ते मला बघवलं नाही.

मी ४ पलीकडे नेले. क्ष² − ६क्ष = −४. सहाचं निम्मं? तीन. त्याचा वर्ग? नऊ. दोन्हीकडे ९ मिळवले, (क्ष − ३)² = ५. पुढचं तिनेच लिहिलं, क्ष = ३ ± √५. मग ती आधीच्या आकडेमोडीकडे वळली आणि रेघ डावीकडे वाढवून सहाच्या खालपर्यंत आणली. मी सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. ती पास झाली, पण गणितात जेमतेम. सूत्र घोकलेल्या काही पोरांना तिच्याहून जास्त गुण पडले. वर्ग पूर्ण करताना लेकरं अपूर्णांकांत अडकतात, ही तुमची तक्रारही मला मान्य आहे. त्यावर आपले जुने गणिती श्रीधराचार्य यांनी फार सुंदर वाट काढून ठेवली आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ही रीत त्यांच्या नावानिशी दिली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. वर्गपदाच्या सहगुणकाच्या, म्हणजे क्ष² च्या आधीच्या आकड्याच्या चौपटीने सगळं गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. भास्कराचार्यांच्याच 'लीलावती'तल्या भुंग्यांच्या गणितात भुंगे २क्ष² धरले की २क्ष² − ९क्ष = १८ हे समीकरण निघतं. आठाने गुणलं की १६क्ष² − ७२क्ष = १४४. दोन्हीकडे ८१ मिळवले की (४क्ष − ९)² = २२५. म्हणजे ४क्ष − ९ एकतर १५, नाहीतर −१५. क्ष निघतो ६ किंवा उणे दीड. उणे दीड इथे चालत नाही. भुंगे २क्ष², म्हणजे ७२. अपूर्णांक वाटेत कुठे आडवा आला नाही. शिवाय ते २२५ म्हणजेच विवेचक. तुमच्या सूत्रात वर्गमुळाखाली जे बसलंय ते कुठून आलं, हे लेकराला इथे डोळ्यांनी दिसतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी तुमच्यासारखाच बोलायचो. तास मोजके, पेपर चाळीस गुणांचा, कितीतरी लेकरं दिवाळीनंतर दिसत नाहीत. त्यांना आधी पास होऊ दे, बाकीचं मग बघू. त्या वेळच्या मला आज मी सांगतो, लेकरं निघून जातात म्हणूनच त्यांच्यासोबत रीत गेली पाहिजे. तो उलट विचारतो, रीत तर तिलाही जुलैत शिकवली होतीस ना? फडावर तिच्याजवळ उरलं ते सूत्रच. परतल्यावर तू समोर होतास म्हणून निभावलं, नसतास तर? याला माझ्याकडे उत्तर नाही.

तरी यंदाही माझ्या वर्गात सूत्र सगळ्यांत शेवटी येईल, आणि ते लेकरंच काढतील. घरी त्यांनी तुम्हाला सूत्र म्हणून दाखवलं तर एवढं करा, कागदावर लिहायला लावा, रेघ कुठून कुठपर्यंत ते विचारा, आणि आलेलं उत्तर समीकरणात घालून बघायला सांगा. त्यासाठी तुम्हाला गणित यायलाच हवं असं नाही.