चाइल्ड प्रोसेसला किती वेळ द्यायचा?

आमचं सॉफ्टवेअर कॉलेजातली लेक्चर्स रेकॉर्ड करतं. सी शार्पमध्ये लिहिलेली विंडोज सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, एफएफएमपेग हा व्हिडिओ रेकॉर्ड करणारा प्रोग्राम आपली चाइल्ड प्रोसेस म्हणून सुरू करते आणि तास संपला की थांबवते. तक्रार आली : फाइल दिसते, साइजही भरपूर, पण उघडत नाही. ‘मूव अ‍ॅटम नॉट फाउंड.’

एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी, म्हणजे मूव, रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. आमचा कोड मात्र सरळ प्रोसेस डॉट किल करत होता, म्हणजे आवरायला वेळ न देता जागीच मारत होता. यादी लिहायला एफएफएमपेग जिवंत राहील तेव्हा ना! कोड लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, त्यामुळे शिव्या घालायला सगळे मोकळे.

लिनक्सवर सिगटर्म, म्हणजे ‘आता थांब’ असा सिग्नल, पाठवला की एफएफएमपेग आवरून बाहेर पडतो. विंडोजवर ती सोय नाही. क्लोजमेनविंडो, म्हणजे विंडो बंद करायला सांगणं, करावं तर विंडोच नाही. थांबवणारा कंट्रोल-सी पाठवावा तर सर्व्हिसला कन्सोल, म्हणजे कमांडची काळी खिडकी, नाही. अ‍ॅटॅचकन्सोल करून एफएफएमपेगच्या कन्सोलला चिकटलो, तर तो कंट्रोल-सी आपल्यालाही लागतो. शेवटी सगळ्यात साधा मार्ग निघाला. एफएफएमपेगचा स्टँडर्ड इनपुट, म्हणजे एरवी कीबोर्डवरून येणारा मजकूर, रीडायरेक्ट करून आपल्या हातात घ्यायचा आणि त्यावर ‘क्यू’ हे अक्षर लिहायचं. एफएफएमपेग ते वाचून नीट थांबतो. मात्र स्टँडर्ड एररही, म्हणजे त्याचे संदेश जिथे येतात तो मार्गही, रीडायरेक्ट केला असेल, तर तो सतत वाचत राहावा लागतो. नाहीतर मधला पाइप, म्हणजे संदेश साठवणारी मर्यादित जागा, भरतो, एफएफएमपेग तिथेच अडकतो आणि ‘क्यू’ कोणी वाचतच नाही. हे जमलं तेव्हा मी खूश होतो.

मग नियम ठरला : ‘क्यू’ लिहा, दहा सेकंद थांबा, तरी जिवंत असेल तर किल. दहा हा आकडा टीमच्या लीडचा, आणि तो का, हे कोणी विचारलं नाही. छोटी रेकॉर्डिंग्ज व्यवस्थित, तीन तासांची सेमिनार्स पुन्हा मोडकी. कारण फास्टस्टार्ट चालू होतं : वेबवर व्हिडिओ लगेच सुरू व्हावा म्हणून शेवटी मूव पुढे आणायची, त्यासाठी सगळा डेटा मागे सरकवायचा. जुन्या हार्ड डिस्कवर ते दहा सेकंदांत कुठलं होतंय? एफएफएमपेग शहाण्यासारखा आवरत होता आणि आम्ही त्याला मध्येच मारत होतो.

लीड म्हणतो, टाइमआउट कॉन्फिगमध्ये टाक. म्हणजे आकडा ठरवणार कॉलेजचा लॅब असिस्टंट! मी फ्रॅगमेंटेड एमपी४, म्हणजे यादीसकट तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली फाइल, करून बघतोय, त्यात मध्येच मारलं तरी तोवरचं बहुतेक वाचतं. पण कॉलेजच्या जुन्या प्लेयरमध्ये त्या फाइलची एकूण लांबी दिसत नाही, आणि त्याचीही तक्रार आलीच आहे.