सेकंडहँड कॅमेरा घेऊ की ग्रेमधला नवा? तुम्ही विचारलंत म्हणून

"लाखभर रुपये जमलेत. शोरूमची किंमत आवाक्याबाहेर जातेय. फोर्टात तोच सीलपॅक पीस पंधरा हजारांनी स्वस्त आहे, आणि नेरुळचा एक जण दोन वर्षं वापरलेला सत्तर हजारांना देतोय. काय करू?" मॉडेल आणि आकडे बदलतात, प्रश्न हाच असतो. ठाण्याहून विचारणारा बहुधा नुकताच लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागलेला असतो. ऐरोली-सीवूड्सकडचा असला तर हमखास फ्लेमिंगोंचे फोटो काढणारा.

माझं उत्तर सहसा ठरलेलं असतं: भारतातलं बिल असलेला सेकंडहँड घ्या. वापरलेल्या कॅमेऱ्यात काय बिघडलंय ते अर्ध्या तासात तपासता येतं. ग्रेमधल्या, म्हणजे फोर्टातल्यासारख्या परस्पर आयात झालेल्या, नव्या कॅमेऱ्यात काय बिघडेल ते तपासता येत नाही, आणि बिघडलं तर जायचं कुठे हेही ठरलेलं नसतं.

ग्रे म्हणजे नकली नव्हे. कॅमेरा अस्सलच असतो, फक्त कंपनीच्या भारतातल्या शाखेला वळसा घालून कुणीतरी परस्पर आणलेला, कधी ड्यूटी भरून, कधी चुकवून. ओळखायला सोपा असतो. पॅकबंद आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल लागतं, वैधमापनाच्या २०११च्या नियमांनुसार. ते खोक्यावर नसेल तर पुढे बोलायलाच नको. चार्जरची पिन परदेशी आणि सोबत दहा रुपयांचा अडॅप्टर, ही दुसरी खूण. सोनीच्या जपानी बाजारासाठी बनलेल्या बहुतेक बॉडींत (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) मेन्यू फक्त जपानीत असतो, तेव्हा स्वस्त मिळाला म्हणून उचलण्याआधी भाषेची यादी उघडून बघा. पण सगळ्यात पक्की खूण काउंटरवर ऐकू येते: "बिल पाहिजे असेल तर रेट वेगळा."

नुसत्या बिलावरही जाऊ नका. बिल असूनही पीस परस्पर आलेला असू शकतो. बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर घ्या आणि कंपनीच्या भारतातल्या हेल्पलाइनला फोन करून विचारा की हा पीस इथल्या वॉरंटीत बसतो का. दुकानदार "आत्ता कशाला फोन" म्हणाला तर उत्तर मिळालंच. बिलावर सिरियल नंबर छापलेला हवा. "कॅमेरा १ नग" एवढंच लिहिलेलं बिल वॉरंटीला, विम्याला आणि ग्राहक आयोगात जवळपास निरुपयोगी. दुकानाचा जीएसटी नंबर १५ अंकाक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटी पोर्टलवर टाकला की खरा-खोटा कळतो.

आता त्या पंधरा हजारांचा हिशोब. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे (२०१९ आधी २८ होता). बिलासकट १,१८,००० चा कॅमेरा म्हणजे एक लाख अधिक १८,००० कर. तुमच्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल आणि कॅमेरा धंद्यासाठी असेल, तर ते १८,००० इनपुट क्रेडिट म्हणून, तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळते होतात. कॅमेरा पडला एक लाखाला. फोर्टातला बिनबिलाचा पीस १,०३,०००. म्हणजे वॉरंटी गमावण्यासाठी तुम्ही वर तीन हजार मोजताय. लग्नवाल्या मंडळींना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. हौशी माणसाला क्रेडिट मिळत नाही, त्याच्यासाठी पंधरा हजार खरेच वाचतात. त्याने वेगळा विचार करावा.

तो असा. वॉरंटीत काय येतं? कारखान्यातला दोष. आपटणं, पाणी, वाळू आणि फंगस सहसा त्यात येत नाहीत. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरचे बहुतेक कॅमेरे तर ओलाव्याने आणि फंगसनेच आजारी पडतात. तेव्हा वॉरंटी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हे मान्य. पण सेन्सर, मदरबोर्ड किंवा स्टॅबिलायझेशनचं (हाताची थरथर सावरणारं) युनिट वर्षभरात गेलं तर होणारा खर्च हौशी माणसाला झेपणारा नसतो, आणि ग्रे पीस पैसे मोजूनही दुरुस्त करून मिळेलच असं नाही. निकॉनच्या अमेरिकेतल्या शाखेचं तर जाहीर धोरणच आहे की ग्रे कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, पैसे दिले तरी. तुमच्या कंपनीचं इथलं धोरण काय, हे खरेदीआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. "इंटरनॅशनल वॉरंटी आहे" असं कुणी म्हणालं तर कार्ड मागा. काही कंपन्या ती लेन्सला देतात, बॉडीला नाही. "दुकानाची वॉरंटी" म्हणजे दुकानदाराच्या ओळखीचा कारागीर, आणि ती दुकान चालू असेपर्यंतच.

एक भीती मात्र उगाच आहे. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट ग्रे कॅमेऱ्यालाही तसंच मिळतं. आणि मॅन्युअल फोकसची लेन्स, जिच्यात मोटर नाही, सर्किट नाही, ती ग्रेमधून घ्यायला माझी हरकत नाही. नुकतीच बाजारात आलेली मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी मात्र अजिबात नको.

सेकंडहँडकडे वळू. इथे लोक शटर काउंटला, म्हणजे शटर किती वेळा उडालं त्या आकड्याला, देव मानतात. निकॉन डी७५० ला कंपनीने दीड लाखाचं आयुष्य सांगितलंय, डी८५० ला दोन लाखांचं. काउंट निकॉनच्या फोटोतल्या माहितीतच असतो, मूळ जेपीईजी एक्झिफटूल या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की दिसतो. कॅननच्या बहुतेक बॉडींसाठी यूएसबी जोडून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. निकॉन झेड८ आणि झेड९ ला यांत्रिक शटरच नाही, तिथे हा प्रश्न गैरलागू. पण आपल्या हवेत कमी काउंट ही चांगली बातमी असेलच असं नाही. लग्नवाल्याचा ऐंशी हजार क्लिकचा कॅमेरा दर आठवड्याला बाहेर निघतो, त्याला हवा-उजेड मिळतो. दिवाळीला घेतलेला, पाच हजार क्लिकचा, चार पावसाळे कपाटात कपड्यांमागे बॅगेत पडलेला कॅमेरा मला जास्त धोक्याचा वाटतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की फंगस धरते, आणि जुलैत ठाण्यात ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते.

म्हणून तपासणी लेन्सपासून. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारा आणि पुढून बघा. विकणाऱ्याला कॅफेत भेटत असाल तर अंधाऱ्या कोपऱ्यात हे उलट चांगलं दिसतं. धुळीचे चार कण चालतील. कडेपासून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा दुधी पडदा असेल तर लेन्स परत द्या. फंगस साफ करता येते, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर ते परत येत नाही. निकॉनच्या जुन्या जी लेन्समध्ये (नावात 'G' असलेल्या) अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं छिद्र, मिटलेलं असतं. मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून ते उघडा, आणि सोडल्यावर पाती झटकन मिटतात का तेही बघा. रेंगाळली तर पात्यांवर तेल आलंय.

मग सेन्सर. पांढरा आकाशाचा तुकडा नसेल तर मोबाइलवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, ब्राइटनेस पूर्ण. अपर्चर एफ/१६, आयएसओ १००, फोकस अनंतावर, लेन्स स्क्रीनजवळ नेऊन फोटो काढा. शटर अर्ध्या सेकंदावर गेलं, हात हलला, तरी फरक पडत नाही: स्क्रीन धूसर होतो, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी उठून दिसते. ठिपके पुसले जातात. सरळ, बारीक रेघ दिसली तर ती ओरखडा असण्याची शक्यता जास्त, तिथे थांबा. नंतर कॅप लावून, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवून, आयएसओ ८०० ला दहा सेकंदांचा एक फोटो. मोठा करून बघितल्यावर रंगीत ठिपक्यांची गर्दी दिसली तर भाव पाडा.

बॅटरीच्या कप्प्यातले आणि हॉट शूचे (वर फ्लॅश बसवायच्या खाचेचे) धातू बघा. हिरवट-पांढरी पूड असेल तर पाणी शिरलंय. ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगो टिपलेल्या कॅमेऱ्यावर खारं पाणी उडालेलं असू शकतं, तिथे जास्त बारकाईने. दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये स्वतःचं कार्ड घालून फोटो घ्या. फिरता स्क्रीन उघडझाप करताना लुकलुकला तर आतली वायरची पट्टी जाऊ लागलीय. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा असेल तर एचडीएमआयचं भोक ढिलं आहे का बघा. बंद बॉडी हलवल्यावर आत काही खडखडलं म्हणून घाबरू नका, बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर सेन्सर मोकळा असल्याने तसा आवाज येतो. डी७५० घेत असाल तर ट्रायपॉडच्या भोकात काळा ठिपका शोधा. फ्लेअरच्या (प्रखर उजेडाची तिरीप फोटोत विचित्र उमटण्याच्या) दोषाची दुरुस्ती झालेल्या पीसवर तो असतो.

मूळ बिल, खोकं आणि बॉडी, तिन्हीवरचा सिरियल नंबर एकच हवा. वॉरंटी शिल्लक असेल तर ती दुसऱ्या मालकाला चालते का, हे कंपनीला विचारा. बिल हरवलं असं सांगितलं तर "ज्या दुकानातून घेतलात तिथून प्रत काढून आणा, मी थांबतो" म्हणा. खऱ्या मालकाला ते जमतं. साध्या कागदावर विक्रीची नोंद करा: मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, सोबत विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. पैसे यूपीआयने, शेऱ्यात सिरियल नंबर. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि पोलीस दारात आले तर तुम्ही चौकशी करून घेतलात हे दाखवायला हाच कागद लागेल. ओळखपत्राचं नाव काढताच विकणारा बावीस कारणं सांगू लागला, तर चहा संपवा आणि निघा. असाच पीस आठवड्याभरात दुसरा कुणीतरी विकायला काढतोच.