तुम्ही विचारलंत म्हणून: पेन कुठलं?

चित्र बघून झालं की पहिला प्रश्न ठरलेला, "पेन कुठलं वापरता?" इतकी वर्षं माझं उत्तरही ठरलेलं होतं: पेनात काही नसतं, हात चालला पाहिजे. ते उत्तर मी मागे घेते. पेनात नसेल, पण शाईत असतं.

रोजच्या कामाला पिग्मा मायक्रॉन, म्हणजे बारीक टोकाचं, पिगमेंट शाईचं पेन. त्यावरच्या आकड्यांना फसू नका. ०१ ची रेघ ०.२५ मिलिमीटरची, ०५ ची ०.४५ ची. ००५ मी सोडलंच, माझा हात जड आहे, टोक लगेच आत जातं. रेघ जाड-बारीक खेळवायची असेल तर पेंटेलचं पॉकेट ब्रश पेन. त्याला ब्रशसारखे सुटे केस आहेत. निवांत वेळ असला की निकोची 'G' निब, म्हणजे दांड्याला लावायचं धातूचं टोक, इंडिया इंक या काळ्या शाईत बुडवून. ही शाई फाउंटन पेनात मात्र भरू नका, तिच्यातली लाख आत वाळली की पेन गेलं. मार्कर कॉपिकचे, करड्या छटांचे, तेही फक्त छपाईच्या कामात. भिंतीवर लागणाऱ्या चित्रात नाही म्हणजे नाही. यावर "किती कडक नियम तुमचे" असं ऐकून घेते. नियम उगीच झालेला नाही.

आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून मी तिचे हात काढले. पांघरुणावर एकावर एक ठेवलेले. पर्समध्ये फॉर्म भरायला ठेवलेलं साधं काळं रोलर पेन होतं, तेच घेतलं. ती कुठल्याही क्षणी कूस बदलेल म्हणून घाईघाईने, कागदावरून पेन न उचलता काढत गेले. तशी रेघ मला त्याआधी कधी साधली नव्हती, नंतरही नाही.

चित्र फ्रेम करून खिडकीसमोर लावलं, छान उजेड पडतो म्हणून. चार वर्षांनी काच पुसायला फ्रेम उघडली. बाहीची एक रेघ माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खाली गेली होती, तेवढी काळीभोर. बाकी सगळं चित्र फिकट तपकिरी. बोटांच्या पेरांवरच्या बारीक सुरकुत्या तर नव्हत्याच. रोज समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

त्या पेनात कॉपिकसारखाच विरघळलेला रंग होता, डाय. उजेडाने तो तुटत जातो. पिगमेंटच्या शाईत रंगाचे बारीक कण असतात. काळ्या शाईत बहुधा कार्बनचे, म्हणजे काजळीच, आणि काजळी उजेडाला दाद देत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी ते चित्र उन्हात टांगलं.

त्यानंतर केलं ते त्याहून वाईट. ०३ घेतलं आणि फिकट रेघेवरून गिरवायला बसले. डावा हात मनगटापर्यंत झाला आणि थांबले. रेघ बरोबर जागेवर होती, पण ते तिचे हात राहिले नव्हते.

पिगमेंटचं पेन जवळ का ठेवलं नाहीस, हे मी स्वतःला अजून विचारते. तेव्हाची मी म्हणते, पेन शोधायला उठले असते तर ती जागी झाली असती, चित्र झालंच नसतं. तिचंही खरं आहे. पण निदान स्कॅन करून ठेवायचं होतंस, यावर तिच्याकडे उत्तर नाही.

आता पर्समध्ये ०५ कायम असतं. चित्र ड्रॉवरमध्ये, अंधारात आहे. डावा हात मी गिरवलेला, काळा. उजवा अजून तिचा आहे, अगदी पुसट. त्याला पेन लावायचं की नाही, ठरत नाही.