दिंडीत उमगलेली देहाची जाण

वारीत देहाचे भान उरत नाही, असे अनेकांकडून ऐकून मी आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात एका दिंडीबरोबर चालायला गेले. मला मात्र उलटाच अनुभव आला. एरवी घड्याळावर आणि मोबाइलवर सोपवून दिलेल्या वेळ, भूक, तहान, तोल आणि थकवा या आतल्या जाणिवा वाटचालीत पुन्हा स्वतःच्या ताब्यात आल्या, आणि दिवस त्यांच्याच तंत्राने चालू लागला.

पुणे ते सासवड हा सर्वांत लांब पल्ल्याचा टप्पा, आणि दिवे घाट याच टप्प्यात चढावा लागतो. घाटात गर्दी इतकी असते की पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही, स्वतःची पावले तर नाहीच. तरीही पाऊल नेमके पडते. स्नायू, कंडरा आणि सांधे अवयवांची स्थिती मेंदूला सतत कळवत असतात म्हणून हे साधते. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन असे नाव दिले. शास्त्रातले नाव ठाऊक नसलेले टाळकरी पावली खेळताना कमरेत वाकतात, एक पाय मागे घेतात, पुन्हा उसळून पुढे येतात, आणि इतके करूनही शेजाऱ्याला त्यांचा धक्का लागत नाही.

माझ्या ओळीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक वयस्कर आक्का होत्या. चढावर त्यांची मान जराही हलत नसे. जी काही हालचाल व्हायची ती कमरेत आणि गुडघ्यांत, हात क्वचितच वर जायचा. मी पाण्याची बाटली तशीच धरून चालले आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "माउली, तहान लागंपर्यंत थांबू नगा, घोट घोट पीत ऱ्हावा." वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, असे वैद्यकशास्त्र सांगते, आक्कांनी तिच्यावर विसंबणे सोडून प्रत्येक विसाव्याला दोन घोट घेण्याची सवय लावून घेतली होती. आतल्या जाणिवेचे ऐकावे, हा सल्ला हल्ली सगळेच देतात, पण ती कुठे दगा देते हे ओळखणे मला अधिक मोलाचे वाटते.

वेळेचे म्हणाल, तर ती भजनाच्या क्रमावरून कळू लागली. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वाटेत गौळणी, संध्याकाळी हरिपाठ, हा क्रम कानात बसला की मनगटाकडे पाहावे लागत नाही. गौळणी संपत आल्या की पोटालाही विसाव्याची चाहूल लागते. (शहरात मला भूक लागते ती बहुधा ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीमुळे.) थकवासुद्धा एकट्याचा राहत नाही. मृदंगाची लय जराशी उतरली की सगळी ओळ आखडते, आणि विणेकऱ्यांनी नवा अभंग घेतला की तेच पाय पुन्हा झपाट्याने पडू लागतात.

ही सामायिक जाण सर्वांत स्पष्ट दिसते ती मुक्कामी, समाज आरतीच्या वेळी. चोपदार दंड उंचावतात आणि असंख्य टाळ एकदम थांबतात. लांबच्या दिंडीला दंड दिसतही नसेल, पण शेजारचा नाद तुटल्याचे तिला तत्काळ जाणवते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणे ऐकून घेतात. एका मुक्कामी आमच्या मागच्या बाजूला असा टाळ चालू राहिला. दिंडीला दिवसभर पाण्याचा टँकर मिळाला नव्हता. तक्रार ऐकून घेतली गेली, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली गेली, आणि मगच आरतीला सुरुवात झाली.