चिप कंपन्यांची शीट: ग्रॉस मार्जिनचा कॉलम भरून झाला

मंडळी, शीटचं काम बऱ्यापैकी पुढं गेलंय म्हणून अपडेट टाकतोय. आधी फक्त सेल्स आणि नफा भरला होता, आता ग्रॉस मार्जिनचा (विक्रीतनं माल बनवायचा खर्च वजा जाता उरणारा टक्का) कॉलम पूर्ण केला, आणि खरं सांगतो, इंटेल भारी का एएमडी ह्या वादाकडं बघायची नजरच बदलते. कुणाचा प्रोसेसर फास्ट ते कुठंही कळतं हो, पण शंभराच्या मालामागं कुणाच्या हातात किती उरतात ते फक्त इथंच दिसतं.

२०१८ ची ओळ बघा, इंटेल जवळपास ६२ टक्के, एएमडी ३८. आता थेट २०२४ वर या, इंटेल ३३ च्या आसपास आणि एएमडी ४९! इंटेलची १० नॅनोमीटर प्रोसेस (चिप बनवायची पद्धत, आकडा जितका कमी तितकी नवी) २०१६ ला यायची होती, ती मोठ्या प्रमाणात बाजारात यायला २०१९ उजाडलं, आणि एएमडीनं स्वतःचे कारखाने २००९ लाच वेगळे काढले होते, त्यामुळं एएमडीच्या सीईओ लिसा सू यांनी २०१७ ला झेन ही नवी प्रोसेसर रचना आणल्यावर २०१९ मध्ये ७ नॅनोमीटरसाठी सरळ टीएसएमसी (दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी तैवानची कंपनी) गाठली, स्वतःच्या कारखान्यांमुळं इंटेलला तसं पटकन उठून जाता येत नव्हतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कॉस्टिंग बघतो त्यामुळं हे मला लगेच पटतं. फर्नेसला लोड असो नसो, कर्जाचं व्याज, डिप्रिसिएशन, विजेचा डिमांड चार्ज काही थांबत नाही, आणि रिजेक्शन ३ टक्क्यांवरनं ८ वर गेलं की ऑर्डरी भरपूर असूनही महिन्याचा नफा गायब. चिपच्या कारखान्याचं तेच, फक्त तिथं एएसएमएल ह्या डच कंपनीचं चिपवर बारीक नक्षी छापणारं एकेक ईयूव्ही मशीनच १५ कोटी डॉलरच्या पुढं जातं आणि ते दुसरी कुठली कंपनी बनवतच नाही. इंटेलच्या फौंड्री (म्हणजे चिप बनवणाऱ्या) विभागाचा २०२४ चा ऑपरेटिंग तोटा १३ अब्ज डॉलरच्या वर आहे. त्या वर्षी डिव्हिडंडही थांबवला त्यांनी. त्यामुळं "इंटेल स्वस्त झालाय, घेऊन ठेवूया" म्हणणाऱ्यांनी आधी एवढी एक ओळ वाचावी ही कळकळीची विनंती.

एआय चिप विकणाऱ्या एनव्हिडियाची ओळ म्हणजे नादखुळा. जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात २७ अब्ज डॉलर सेल्स, मार्जिन ५७ टक्के. दोनच वर्षांनी १३०.५ अब्ज आणि ७५ टक्के. सेल्स जवळपास पाचपट होताना मार्जिन वाढणं म्हणजे भाव ठरवायची ताकद पूर्ण विकणाऱ्याच्या हातात आहे. २००६ पासून कूडावर (त्यांच्या चिपवर प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) केलेलं सॉफ्टवेअरचं काम आता वसूल होतंय. सगळे एएमडीच्या एमआय३०० सारख्या एआय चिपांकडं बोट दाखवतात, पण माझ्या मते खरा धोका गिऱ्हाईकांकडनं आहे, गूगल २०१५ पासून स्वतःची टीपीयू ही एआय चिप वापरतंय, अॅमेझॉनची ट्रेनियम ही तसलीच चिप आहे, मोठं गिऱ्हाईक स्वतःच माल बनवायला लागलं की भाव पाडून मागणारच. म्हणून एनव्हिडियाच्या इन्व्हेंटरीचा (पडून असलेल्या मालाचा) कॉलम पण जोडलाय, जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात ती ५.३ अब्जावरनं १०.१ अब्ज डॉलर झाली. वाढत्या सेल्सला माल लागतोच, पण सेल्स थबकले आणि हा आकडा चढत राहिला तर मी लगेच सावध होणार.

आणि गंमत बघा, एनव्हिडिया, एएमडी, गूगल, सगळ्यांचा भारीतला माल टीएसएमसीतच बनतो, एवढंच काय इंटेलनं २०२४ ला आणलेल्या लूनर लेक प्रोसेसरचा मुख्य भाग पण तिथलाच. जिंको कोणीपण, बिल तिथं भरायचं. टीएसएमसीचं मार्जिन २०१८ ते २०२४ मध्ये ४८ वरनं ५६ टक्क्यांवर गेलं ते उगाच नाही. एकच ओळ ठेवायची झाली तर मी हीच ठेवेन, तैवान आणि चीनचा प्रश्न डोक्यावर असूनसुद्धा, आणि तो आहेच, कारण अॅरिझोनात कारखाना सुरू झाला तरी मुख्य काम अजून तैवानातच आहे. आणि ही कंपनी दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास सेल्सचा आकडा देते, तिमाहीची वाट बघावी लागत नाही, शीट ठेवणाऱ्याला सोनंच की.

अमेरिकन शेअर थेट घेतलेल्यांनी रिटर्न भरताना शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) विसरू नका, तिथं कॅलेंडर वर्ष धरतात.

आता मेमरीवाले घेतोय, एसके हायनिक्स, सॅमसंग, मायक्रॉन. मायक्रॉनचं २०२३ च्या आर्थिक वर्षातलं ग्रॉस मार्जिन उणे ९ टक्के आहे, म्हणजे बनवायच्या खर्चापेक्षा कमी भावात माल गेला. कुणी डीरॅमच्या (कॉम्प्युटरच्या रॅमची चिप) भावाची जुनी नोंद ठेवली असेल तर सांगा, मार्जिनच्या शेजारी लावून बघायचंय.